वेल्डिंग मशीनशिवाय धातू कसा जोडायचा? बंबाच्या तोटीपासून बीडाच्या तड्यापर्यंत

निफाड-नाशिककडे थंडी पडायला लागली की माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली उतरतो, आणि नेमकी तोटीच्या बुडाशी गळती सापडते. मग लोक तो उचलून थेट वेल्डिंगवाल्याकडे नेतात. तो नुसता आर्कवाला, म्हणजे विजेच्या ठिणगीने वेल्डिंग करणारा असेल तर नेऊ नका. तांब्याचा पत्रा पातळ असतो, साध्या आर्कने जोड व्हायच्या आधी भोक पडतं, आणि पितळ असेल तर त्यातलं जस्त पांढरा धूर होऊन उडून जातं. खरं तर अशा कामात मूळ धातू वितळवायचाच नसतो. दोन तुकडे नीट बसवायचे, दोन्ही सारखे तापवायचे आणि मधल्या फटीत कमी तापमानाला वितळणारा तिसरा धातू ओढू द्यायचा, तांबट मंडळी भांड्याला झाळ देतात ती ह्याच तत्त्वावर.

आता झाळ कच्ची का पक्की हे आधी ठरवा. सीमारेषा साधारण ४५० अंश सेल्सिअसची. त्याच्या खाली सोल्डरिंग म्हणजे कच्ची झाळ, वर ब्रेझिंग म्हणजे पक्की. बाजारात मिळणारी ६०/४० ची कथील-शिशाची तार १८३ अंशाला वितळायला लागते, वायरिंगसाठी उत्तम आहे. बंबाला मात्र ती लावू नका, कारण बंबात पाणी असेपर्यंत ठीक पण एकदा कोणी विस्तव चालू ठेवून पाणी भरायचं विसरलं की सगळी झाळ खाली, शिवाय त्यात शिसं, आणि गरम पाणी चूळ भरायला कोणीतरी घेतंच. पक्क्या झाळेचा सिल्व्हर रॉड (चांदी मिसळलेली झाळायची कांडी) साधारण ६०० ते ८०० अंशात वाहतो, पितळ ९०० च्या आसपास वितळतं आणि तांबं १०८५ ला, म्हणजे हाताशी बऱ्यापैकी जागा आहे. रॉड घेताना कॅडमियम-फ्रीच मागा. कॅडमियमचा धूर खरोखर जीवघेणा असतो, दहा-वीस रुपये वाचवायची ती जागा नाही.

तांब्याला तांबंच जोडायचं असेल, म्हणजे एसीची किंवा सोलरची पाइप, तर फॉस-कॉपर (तांबं-फॉस्फरसचा) रॉड स्वस्त पडतो आणि फ्लक्सही, म्हणजे धातूवरचा गंजाचा थर काढून झाळ धरू देणारं रसायनही लागत नाही, त्यातला फॉस्फरसच ते काम करतो. पितळ आलं की फ्लक्स हवाच. आणि लोखंडाला हा रॉड चुकूनही नको, जोड झालेला दिसतो पण ठिसूळ होतो आणि एक दिवस टचकन सुटतो. एसीची पाइप असेल तर आतला गॅस जाणकाराकडून आधी काढून घ्या, त्या गॅसवर ज्योत गेली तर विषारी धूर होतो.

आता बंबाचं प्रत्यक्ष काम. तोटी काढून बाजूला ठेवा, नाहीतर तिचा वॉशर जळेल, झाळायचा आहे तो फक्त तोटी ज्यात बसते तो पितळी सॉकेट. जुनी कथलाची डागडुजी केलेली असेल तर ती पूर्ण खरवडून काढायची, अगदी पूर्ण, कारण थोडं जरी कथील-शिसं राहिलं तरी वरची पक्की झाळ नीट धरत नाही. आतून कल्हई असेल तर तिथलीही काढा. मग पॉलिश पेपर किंवा तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू चकचकीत करा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका, हाताचं तेल पुरेसं असतं काम बिघडवायला. ह्या कामात अर्ध्याहून जास्त वेळ घासण्यात जायला हवा असं माझं मत आहे, ज्योत लावणं म्हणजे शेवटची पाच मिनिटं.

दुसरी गोष्ट फट. सॉकेट भोकात बसला की लटपटू नये, पण हातोडीने ठोकूनही बसवावा लागू नये. आकड्यात सांगायचं तर ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. फट एवढी बारीक असली की वितळलेला रॉड केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. भोक मोठं झालं असेल तर रॉडने भरत बसू नका, तांब्याची चकती कापून मोठं ठिगळ लावा. पत्र्यावर पत्रा येतो तिथे एकावर एक निदान पातळ पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट तरी यायला हवा.

फ्लक्सची पेस्ट दोन्ही बाजूंना लावून जोड बसवा. टाकणखारही (बोरॅक्स) चालतो, पण तो सुमारे ७४० अंशाला वितळतो, म्हणजे कमी तापमानाच्या सिल्व्हर रॉडला तो उशिरा जागा होतो, त्यापेक्षा रॉडबरोबर त्याचाच फ्लक्स घ्या. बंब विटांवर ठेवा, भोवती फायरब्रिक (भट्टीच्या विटा) लावल्या तर उष्णता टिकते. कॅनवाला छोटा टॉर्च अर्ध्या इंची पाइपपर्यंत ठीक आहे, बंबाचा पत्रा मात्र सगळी उष्णता लांब पळवतो, तिथे ऑक्सिजनबरोबर एलपीजी किंवा ॲसिटिलीनच लागतं. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरला टॉर्च जोडायचा विचारही नको. गॅसचा सेट नसेल तर घासून, बसवून, फ्लक्स लावून मगच दुकानात न्या, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत गॅसवाले मिळतील आणि तयार जॉब बघून पैसेही कमी सांगतील बहुतेक.

ज्योतीचा आतला टोकदार निळा भाग जॉबला टेकवायचा नाही, थोडं लांबून फिरवत राहायचं, आणि आधी जाड सॉकेट तापवायचा, मग भोवतीचा पत्रा. लक्ष फ्लक्सवर ठेवा. आधी तो फुगून पांढरा होतो, मग शांत होतो आणि पाण्यासारखा पारदर्शक पसरतो, तांब्याला अंधूक लाली येते. आता रॉड जोडाच्या कडेला टेकवायचा. रॉड ज्योतीत धरून थेंब पाडायचे नाहीत, इथेच नवशिके फसतात, वरून गोळा छान बसतो आणि खाली फट तशीच कोरडी. जॉबच्या उष्णतेनेच रॉड वितळायला हवा. वितळलेला धातू जिकडे जास्त गरम असतं तिकडे धावतो, म्हणून रॉड एका बाजूने द्या आणि ज्योत पलीकडे सरकवत न्या, सगळ्या घेराला बारीक चकचकीत रेघ दिसली की पुरे.

झाळ घट्ट होईपर्यंत जॉब हलवू नका आणि लाल असताना पाणी ओतू नका. थोडा निवला की गरम पाणी आणि ब्रशने फ्लक्स धुऊन टाका, राहिलेला फ्लक्स पुढे धातू खातो. काळवंडलेलं तांबं चिंचेने घासलं की परत लाल होतं. तोटी बसवून बंब भरा आणि रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा, सकाळी कागद कोरडाच असेल तर गळती गेली.

दारं-खिडक्या उघड्या असू द्या, चष्मा लावा. पितळातून पांढरा धूर निघायला लागला म्हणजे जास्त तापलं, ज्योत मागे घ्या, तो धूर ओढला तर काही तासांनी थंडीताप भरतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचंही तेच. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात नको, ॲसिटिलीनचं सिलिंडर उभंच ठेवा आणि दोन्ही पाइपना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारा झडपेसारखा भाग) असल्याशिवाय सुरू करू नका. पेट्रोलची टाकी किंवा बंद डबा कितीही रिकामा वाटला तरी तापवायचा नाही.

फवारणी पंपाचं बीडाचं (कास्ट आयर्नचं) घर तडकलं तर तेही गॅसवर पितळी रॉडने जोडता येतं. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे तडा पुढे पळत नाही, मग तड्यावर व्ही आकाराची खाच घासा, अख्खा तुकडा आधी गरम करा आणि काम झाल्यावर राखेत पुरून हळूहळू गार होऊ द्या.

ज्योत नकोच असेल तर पत्र्याला पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूने गनने ओढून बसवायची खिळी. ४.८ मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर ४.९ चं भोक, आणि लांबी दोन्ही पत्र्यांच्या एकत्र जाडीला साजेशी. हे जुगाड वाटत असेल तर नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात लढाऊ विमानं बनतात तिकडे बघा, विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा आजही मोठ्या प्रमाणावर रिव्हेटनेच धरलेला असतो. एम-सीलसारखी एपॉक्सी पाण्याच्या टाकीला, पाइपला ठीक, दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, पण विस्तवाजवळच्या जोडाला ती लावून काही उपयोग नाही.

ॲल्युमिनियम मात्र शेवटी शिका. ते ६६० अंशाला वितळतं आणि त्याआधी रंगच बदलत नाही, त्यामुळे लाली दिसायची वाट बघत बसलात तर पातेल्याचा तळ खाली पडलेला असेल. त्याचे कमी तापमानाचे जस्तवाले रॉड मिळतात, साधारण ४०० अंशाच्या आसपास चालतात, स्टीलच्या ब्रशने खरवडायचं, तापवायचं आणि ज्योत बाजूला करून रॉड जॉबवर घासून बघायचा, चिकटला तर तापमान बरोबर आहे.