व्ही. शांतारामांवर वाद घालायचा तर कसा

‘प्रभात’चे शांताराम मोठे की ‘राजकमल’चे, म्हणजे ‘प्रभात फिल्म कंपनी’त असतानाचे की नंतर स्वतःची ‘राजकमल’ ही चित्रसंस्था काढल्यावरचे? चार सिनेमावेडे एकत्र बसले की हा विषय निघतोच. दहाव्या मिनिटाला कुणीतरी ‘नवरंग’मधलं गाणं गुणगुणतं, दुसरा ‘पिंजरा’तल्या डॉ. लागूंवर बोलायला लागतो आणि दिग्दर्शक बाजूलाच राहतो. नुसत्या आठवणींच्या भरवशावर बसलं की असंच होणार. शांतारामांसारख्या माणसावर बोलायचं तर प्रसंग पडद्यावर लावून बोलावं लागतं, आणि त्यासाठी थोडी तयारी लागते.

वादाच्या बैठकीला माणसं सहा ते आठ असावीत. दहाच्या वर गेली की दोघेच बोलतात, बाकीचे ऐकतात. चित्रपट पाच, आठवड्याला एक: ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१), ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘पिंजरा’ (१९७२). पहिले तीन ‘प्रभात’चे, शेवटचे दोन ‘राजकमल’चे. क्रम हाच ठेवा. ‘पिंजरा’ आधी पाहिला तर त्याच्या रंगांची आणि लावण्यांची इतकी सवय होते की ‘कुंकू’ची शांतता रिकामी वाटायला लागते. ‘राजकमल’ची बाजू घेणाऱ्यांनी ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) किंवा ‘नवरंग’ (१९५९) यांपैकी एक जादा पाहावा. नाहीतर नृत्य आणि रंग हाताळणाऱ्या शांतारामांची बाजू लंगडी पडते.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरून घ्या. ‘संत तुकाराम’ (१९३६) शांतारामांचा नाही, दामले-फत्तेलाल यांचा आहे. ‘संत ज्ञानेश्वर’ही त्यांचाच. शांतारामांचा संतपट म्हणजे ‘धर्मात्मा’ (१९३५), एकनाथांवरचा, बालगंधर्वांची भूमिका असलेला. ‘प्रभात’चं सगळं श्रेय शांतारामांच्या नावावर टाकणं ही या वादातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. १९२९ साली कोल्हापुरात ही कंपनी पाच भागीदारांनी काढली होती. विष्णुपंत दामले ध्वनीतले जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. म्हणून ‘कुंकू’तल्या आवाजाचं किंवा वाड्याच्या मांडणीचं कौतुक करताना श्रेयनामावली थांबवून वाचा आणि नावं लिहून ठेवा.

पाहताना टीव्हीची सेटिंग तपासा. जुन्या चित्रपटांची चौकट साधारण चारास तीन असते. टीव्ही ती ओढून रुंद करतो, चेहरे बसके दिसतात आणि मग ‘फ्रेमिंग विचित्र आहे’ असा शेरा कुणीतरी मारतं. मूळ प्रमाण निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की समजा बरोबर आहे. ‘कुंकू’ फोनच्या स्पीकरवर पाहू नका, बारीक आवाज त्यात हरवतात. झिजलेल्या प्रतीत मध्येच उडी दिसली तर तो दिग्दर्शकाचा कट समजू नका, बहुतेक वेळा तिथली फिल्मच गेलेली असते. काळोखी फ्रेमचंही तेच. दुसरी प्रत मिळाली तर ताडून पाहा, मगच प्रकाशयोजनेवर बोला.

‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ मराठी-हिंदी दोन्ही भाषांत झाले आणि काही नट बदलले. ‘शेजारी’च्या दोन्ही आवृत्तींत गजानन जागीरदार मिर्झा आहेत. पण त्याचा हिंदू मित्र मराठीत केशवराव दाते, तर हिंदी ‘पडोसी’त मजहर खान. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू, हे हिंदीतच घडतं. तेव्हा आपण कुठली आवृत्ती पाहिली ते आधी जाहीर करा, नाहीतर दोघं दोन वेगळ्या अभिनयांवर भांडत बसतात.

आता टिपणं. प्रत्येकाने प्रत्येक चित्रपटातून दोन प्रसंग निवडायचे, प्रत्येकी तीन मिनिटांच्या आतले. मिनिट-सेकंद लिहाच, पण प्रसंगाआधीचं शेवटचं वाक्यही लिहा. प्रतीप्रतीत लांबी बदलते, नुसत्या वेळेवर प्रसंग सापडत नाही. संकलनाबद्दल बोलायचं असेल तर सलग पाच मिनिटांतले शॉट मोजा. ३०० सेकंदांत ३० शॉट म्हणजे सरासरी दहा सेकंदांचा शॉट. गाणं आणि संवाद वेगवेगळे मोजा. एकत्र केलेल्या सरासरीतून काहीच कळत नाही.

‘कुंकू’साठी एक खास सराव करा. नीरूला फसवून म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावून दिलेलं आहे आणि ती हे लग्न मानायला तयार नाही. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. वाड्यातली कुठलीही दहा मिनिटं घ्या. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका आणि ऐकू आलेला प्रत्येक आवाज कागदावर उतरवा: घड्याळ, पावलं, दार. दुसऱ्यांदा आवाज बंद करून नुसतं पाहा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. भिंतीवरचं घड्याळ काकासाहेबांच्या वयाबरोबर कसं चालतं, हे या दुसऱ्या फेरीत लक्षात येतं, पहिल्यांदा पाहताना बहुधा निसटतं. गाण्याला साथ कुठून येते तेही तपासा. शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात तो प्रसंग याच कामासाठी लावा.

बैठक दीड तासाची. पहिली दहा मिनिटं फक्त एका प्रश्नाला द्या: ‘सर्वोत्तम’ म्हणजे काय? सगळ्यात धाडसी? आजही जसाच्या तसा टिकणारा? की सगळ्यात जास्त ‘शांतारामी’? या तिन्हींची उत्तरं वेगळी निघतात. धाडसाला ‘कुंकू’. टिकण्याच्या बाबतीत ‘माणूस’ला तोड नाही. शैलीच्या ठाशीवपणात मात्र ‘दो आँखें’ आणि ‘नवरंग’ पुढे. कसोटी न ठरवता मतदान घेतलं की प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाला मत देतो.

मग प्रसंग लावून बोलायचं. नियम एकच पण कडक: विधान केलं की प्रसंग दाखवायचा. ‘अप्रतिम’, ‘भव्य’, ‘काळाच्या पुढे’ हे शब्द त्या दीड तासात बंद. ‘संध्याचा अभिनय भडक आहे’ हे मत झालं. ‘या शॉटमध्ये कॅमेरा जवळ असूनही तिला रंगमंचाएवढी हालचाल दिलेली आहे’ म्हटलं की वाद सुरू होतो, कारण मग विचारता येतं की हे नटीचं की दिग्दर्शकाचं. उत्तर हवं तर त्याच चित्रपटातल्या इतरांची हालचाल पाहा. सगळ्यांचीच मोठी असेल तर तो दिग्दर्शकाचा निर्णय आहे.

कारकिर्दीबद्दल विधान कसं असावं याचा एक नमुना. या पाचांपैकी चारांत गुंता सुटतो तो पुरुषाच्या बलिदानाने किंवा शिक्षेने. काकासाहेब आत्महत्या करून नीरूला मोकळं करतात. ‘शेजारी’तले दोघे मित्र धरणावर एकत्र मरतात. ‘दो आँखें’चा जेलर बैलांशी झुंजताना जातो. ‘पिंजरा’तला मास्तर, ज्याला गावाने मेलेला समजलेलं असतं, स्वतःच्याच खुनाची शिक्षा पत्करतो. ‘माणूस’ मात्र वेगळा: मैना मामाचा खून करून तुरुंगात जाते आणि हवालदार गणपतला जगायला लागतं. ‘प्रभात’ विरुद्ध ‘राजकमल’ ही फाळणी इथे टिकत नाही, ‘माणूस’ विरुद्ध बाकीचे अशी नवी फळी पडते. असं विधान खोडता येतं, म्हणून ते उपयोगाचं. ‘कुंकू’वाल्यांना इथेच घेरा: प्रश्न नीरूचा असताना सुटका काकासाहेबांच्या हातून का?

चाळीस मिनिटांनी बाजू बदला. ‘राजकमल’वाल्याने ‘प्रभात’ लढवायचं. आपल्या लाडक्या चित्रपटातला सगळ्यात कच्चा प्रसंग प्रत्येकाने स्वतःच लावायचा. ‘पिंजरा’वाले इथे बरेचदा अडतात, कारण त्यांचं प्रेम राम कदमांच्या चालींवर, खेबुडकरांच्या शब्दांवर आणि लागूंवर असतं. ते प्रेम रास्तच आहे. पण दिग्दर्शनाचं खातं वेगळं मांडायचं असेल तर लावणीचा प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि नाचणारी सोडून प्रेक्षकांत बसलेल्या मास्तरवर कॅमेरा कधी, किती वेळ जातो तेवढंच टिपा.

शेवटची दहा मिनिटं निवडीची. सरासरी काढू नका. ती काढली की कुणाचाच नसलेला, मधलाच एखादा चित्रपट पहिला येतो. प्रत्येकाने एक चित्रपट, एक कसोटी आणि एक प्रसंग एवढंच कागदावर लिहायचं. दोघांचा प्रसंग एकच आणि निष्कर्ष उलटे निघाले, तर बैठक लांबली तरी चालेल, पण तो प्रसंग पुन्हा लावा.