पारधीनंतरची जबाबदारी: मारलेल्या रानडुकराची आणि रोह्याची विल्हेवाट कशी लावावी

भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतचा काळ रानडुकरांच्या उपद्रवाचा असतो. कोकणात भात निसवून दाणा भरत असतो, घाटावर मका, भुईमूग आणि ऊस उभा असतो, विदर्भात सोयाबीन काढणीला येते. पुढे हरभरा उगवला की रोह्यांचे (नीलगायींचे) कळप येतात. पिकाची राखण करून थकलेले शेतकरी याच दिवसांत वन विभागाकडे पारधीच्या परवानगीसाठी अर्ज करतात. परवानगी कशी मिळवायची आणि बंदूकवाला कोठून आणायचा याची चर्चा गावोगाव होते, परंतु सत्तर-ऐंशी किलोंचे डुक्कर किंवा दोनशे किलोंहून जड नर रोही पडल्यावर त्याचे काय करायचे, याचा विचार जनावर पडल्यानंतरच सुरू होतो. त्या वेळी विहिरी भरलेल्या असतात, ओढे वाहते असतात आणि जमिनीत जागोजागी पाझर असतो, म्हणजे कलेवर पुरण्यासाठी वर्षातला हा सर्वांत अवघड काळ असतो. म्हणून परवानगीचा अर्ज लिहिण्याआधीच खड्ड्याची जागा ठरवून ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम कायद्याची बाजू स्पष्ट असावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली उभ्या पिकाच्या रक्षणासाठी लेखी परवानगी मिळू शकते, पण ती परवानगी मारण्यापुरतीच असते. मारलेले जनावर कलम ३९ नुसार राज्य शासनाची मालमत्ता ठरते. ते ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत वनाधिकाऱ्याला कळवणे आणि त्यांनी मागितल्यास सोपवणे बंधनकारक आहे, आणि लेखी परवानगीवाचून ते ठेवणे, दुसऱ्याला देणे किंवा नष्ट करणे हे तिन्ही गुन्हे आहेत. याचा अर्थ असा की मांसाचे वाटे घालणे, सुळे किंवा शिंगे आठवण म्हणून घरी ठेवणे याला तर मनाई आहेच, शिवाय चांगल्या हेतूने का होईना, वनरक्षक येण्याआधी आपणच खड्डा करून पुरून टाकणे हेही नियमात बसत नाही. गोळी लागताच वनरक्षकाला फोन करावा. तो लागला नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पंचनाम्यात जागा, वेळ, नर की मादी आणि विल्हेवाटीची पद्धत यांची नोंद झाली की शेतकऱ्यावर पुढे संशय येण्याचे कारण उरत नाही, त्यामुळे पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.

पंचनामा होईपर्यंत काही तास जातात आणि ऑक्टोबरच्या उन्हात कलेवर लवकर फुगते. ते आहे तेथेच ताडपत्रीने झाकून कडेला दगड ठेवावेत आणि कुत्री जवळ येऊ देऊ नयेत. अंग थंड होऊ लागले की गोचीड शरीर सोडून आजूबाजूच्या गवतावर पसरतात, त्यामुळे जनावराला टेकून उभे राहणे, मुलांना जवळ आणणे किंवा त्याच्यासोबत छायाचित्रे काढणे टाळावे. डुकराच्या रक्तातून आणि लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू माणसाच्या साध्या ओरखड्यातून शरीरात जाऊ शकतात. भातकापणीच्या दिवसांत कोणाच्या हातापायांना चिरा नसतात? म्हणून रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच हात लावावा, आणि शेतातून फरपटत नेण्याऐवजी कलेवर ताडपत्रीवर घेऊन चौघांनी उचलावे, म्हणजे रक्ताचा माग राहत नाही.

आता खड्ड्याची जागा. या सल्ल्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण येथे झालेली चूक पुढे कितीतरी दिवस पिण्याच्या पाण्यात उतरत राहते. विहीर, बोअर, ओढा, पाट आणि शेततळे यांपासून शक्यतो १०० मीटर अंतर ठेवावे आणि जागा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावी. भूजल किती वर आहे हे जवळच्या विहिरीत डोकावले की कळते: पाणी जमिनीपासून आठ फुटांवर असेल, तर त्या सपाटीवर सहा फुटांचा खड्डा घेण्यात अर्थ नाही, कारण खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीपेक्षा किमान तीन-चार फूट वर राहायला हवा. खोदून झाल्यावर अर्धा तास थांबावे. कडांमधून पाणी झिरपून तळाशी साचू लागले, तर तो खड्डा बुजवून उंचावरची दुसरी जागा पाहावी. एवढी मेहनत वाया गेली म्हणून त्याच खड्ड्यात कलेवर ढकलण्याचा मोह आवरावा.

जमिनीप्रमाणे अडचणी बदलतात. काळ्या भारी जमिनीत ओल असताना खड्ड्याच्या कडा ढासळतात, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच जमीन भेगाळून वास वर येतो आणि कुत्री उकरू लागतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात मुरमाड चढाची जागा बरी. कोकणात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कातळाच्या वर मातीचा थर वीतभरच असतो, आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे वर मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यात आणि विहिरीत निघते. तेथे कातळ फोडून केलेला खड्डा कितीही खोल असला तरी सुरक्षित नाही. वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीत जेथे मातीचा जाड थर सापडेल, तीच जागा धरावी, मग ती शेतापासून लांब असली तरी चालेल.

खड्डा इतका खोल असावा की कलेवरावर किमान चार फूट माती पडेल. डुकरासाठी साधारण सहा फूट, मोठ्या रोह्यासाठी त्याहून अधिक, आणि त्यासाठी जेसीबी आधीच सांगून ठेवणे व्यवहार्य ठरते. रोही रवंथ करणारे जनावर असल्याने पोटात वायू साचून वरची माती उचलली जाते व तिला तडे जातात. गोळीने मेलेल्या आणि एरवी निरोगी दिसणाऱ्या रोह्याच्या बाबतीत वनाधिकाऱ्याच्या संमतीने खड्ड्यात ठेवल्यावर पोटाला छेद दिला तर हे टळते. चुना टाकल्याने कलेवर लवकर विरते ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत बरोबर नाही. चुन्याने वास आणि माशा कमी होतात, परंतु कुजण्याची क्रिया उलट मंदावते, म्हणून पोत्यांनी चुना ओतण्याऐवजी खोली आणि मातीचा थर यांवर खर्च करावा. डिझेल किंवा रॉकेल ओतून पुरण्याने तेल मातीत आणि पाण्यात जाते, तेही करू नये. शेवटी माती ढिगासारखी उंच रचून वर बाभळीच्या किंवा बोराटीच्या काट्या पसराव्यात आणि त्यांवर दगड ठेवावेत.

जाळण्याचा पर्याय काही ठिकाणी वन विभाग स्वतः वापरतो. शेतकऱ्याच्या हाती असलेल्या ओल्या सरपणात हे शक्य होत नाही, अर्धवट जळालेले कलेवर अधिक त्रासाचे ठरते, आणि जुने टायर पेटवण्याने विषारी धूर होतो.

मारलेले जनावर गिधाडांसाठी उघड्यावर ठेवावे, अशी सूचना काही पक्षिप्रेमी मनापासून करतात. गिधाडांची संख्या घटण्यास जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध कारणीभूत ठरले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे अनेकांना माहीत आहे. रानडुकराला ते औषध कोणी दिलेले नसते, मग धोका कोणता, असा प्रश्न रास्त आहे. धोका शिशाचा आहे. शेतीसंरक्षण परवान्याच्या बंदुकीतील छर्रे आणि गोळ्या बहुधा शिशाच्या असतात. हाडावर आदळून त्यांचे बारीक तुकडे जखमेपासून दूरपर्यंत मांसात विखुरतात, आणि शिकारी पक्ष्यांच्या तीव्र पाचकरसात ते विरघळून रक्तात जातात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कॉन्डॉर या गिधाडांचे असेच मृत्यू झाल्यानंतर १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी लागू झाली. म्हासळ्याजवळच्या चिरगावात किंवा गडचिरोलीत गिधाडे जपण्यासाठी इतके कष्ट घेतले जात असताना गोळीने मारलेले जनावर त्यांच्यापुढे टाकणे योग्य नाही. गावातल्या आणि धनगरांच्या कुत्र्यांनाही ते घालू नये.

उघड्यावर टाकलेल्या कलेवराचा दुसरा धोका माणसांना आहे. जुन्नर, संगमनेर, निफाडच्या उसात बिबट्या असतो, चंद्रपूरच्या शेतशिवारात वाघ फिरतो. बांधावर पडलेले डुक्कर त्यांना तेथे दोन-तीन रात्री थांबवते, आणि सकाळी त्याच बांधावर आपल्या आयाबहिणी निंदणी-कापणीला वाकलेल्या असतात. अशा कलेवरात थिमेटसारखे कीटकनाशक मिसळून ठेवण्याचे प्रकार घडतात, त्यात बिबट्यापासून घारीपर्यंत जे खाईल ते मरते; असे काही दिसल्यास लपवू नये, कळवावे.

जखमी होऊन पळालेले जनावर विसरले जाते आणि पुढे तेच सर्वाधिक त्रास देते. ते बहुधा दाट झाडीकडे, उसाच्या फडाकडे किंवा पाण्याकडे जाते. रात्री माग काढू नये, कारण जखमी डुक्कर अंगावर येते. उजाडताच वनरक्षकासह रक्ताच्या मागावर जावे आणि ओढ्याचा काठ नक्की तपासावा, विशेषतः खालच्या वाडीची नळयोजना त्याच पाण्यावर असेल तर.

गोळी न लागता मेलेले जनावर आढळले, तर या सल्ल्यातील पुरण्याच्या सूचना लगेच अमलात आणू नयेत. एकाच शिवारात दोन-तीन रानडुकरे मेलेली दिसली, तर आफ्रिकन स्वाइन फीवरची शंका घ्यावी. हा रोग भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला, तो माणसाला होत नाही, पण पाळीव डुकरांचे कळप संपवतो आणि त्याचा विषाणू कलेवरात दीर्घकाळ टिकतो. रोह्याच्या नाकातोंडातून न गोठणारे रक्त वाहत असेल तर फाशी म्हणजेच काळपुळी असू शकते. तेथे कलेवराला सुरी लावणे तर दूरच, जवळही जाऊ नये, कारण उघड्या रक्तातील जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जगतात. सिंधुदुर्गात, जेथे २०१६ पासून माकडतापाचे (गोचिडीमार्फत माणसाला होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळले आहेत, मेलेल्या माकडाच्या बाबतीत हीच खबरदारी घ्यावी. अशा वेळी वन विभागासोबत पशुसंवर्धन विभागाला १९६२ या क्रमांकावर कळवावे.

काम संपल्यावर ट्रॉली, फावडी, दोर आणि गमबूट आधी साध्या पाण्याने घासून चिखल व रक्त पूर्ण काढावे आणि मगच ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरावे; मातीने माखलेल्या वस्तूवर त्याचा परिणाम होत नाही. हे धुणे विहिरीच्या थारोळ्यात करू नये. वराहपालकांनी अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय गोठ्यात जाऊ नये. महिन्याभरात खड्ड्यावरची माती खचते, तेव्हा पुन्हा भर घालावी, काट्या जागेवर आहेत का ते पाहावे, आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्या तुकड्यात भाजीपाला किंवा कंदपीक घेऊ नये.