शेजाऱ्यानं मदत केली तर पैसे द्यायचे का, आणि द्यायचे तर कसे

परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात थांबवून विचारलं, भाऊजी, आम्ही १५ दिवस कोकणात होतो तेव्हा समोरच्या काकूंनी रोज झाडांना पाणी घातलं, त्यांना काही पैसे द्यावेत का, की राग येईल त्यांना? असा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी विचारतंच. मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्स फिटर आहे आणि चिंचवडला ज्या सोसायटीत राहतो तिथं गेली १९ वर्षं नळ, पंखा, दाराची कडी काहीही बिघडलं की पहिला फोन मला येतो, त्यामुळं मदत करणाऱ्याच्या मनात काय चालतं आणि घेणाऱ्याला कुठं अवघडतं ते दोन्हीकडून बघितलंय, चुकाही दोन्हीकडून केल्यात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी मूळ गोष्ट सांगतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं. काम अचानक आलं असेल, अडीअडचणीचं असेल, तर त्याचे पैसे नाहीत, ते मदतीनंच फेडायचं. काम ठरलेल्या वेळेला रोज किंवा दर आठवड्याला व्हायला लागलं, समोरचा घड्याळाकडं बघून तुमच्यासाठी घरात थांबायला लागला, की ती नोकरी झाली आणि त्याचे पैसे द्यायचेच. आणि पैशाचा विषय नेहमी मदत घेणाऱ्यानं काढायचा. करणाऱ्यावर ती वेळच येऊ द्यायची नाही, कारण त्याला ते तोंडातून काढायला फार जड जातं.

लोक म्हणतात पूर्वी गावात सगळं फुकट चालायचं, कुणी हिशोब ठेवत नव्हतं. मी जुन्नरकडचा आहे, लहानपणी सगळं डोळ्यांनी बघितलंय, आणि हे खरं नाही. सावड होती, म्हणजे आज आमच्या रानात भाताची आवणी तर उद्या तुमच्या, आणि त्यात माणसामागं दिवस मोजले जायचे, तुमच्याकडून दोन बाया आल्या तर आमच्याकडून दोन जायच्याच, आई आजारी असली तर मावशीला पाठवायची पण दिवस बुडवायची नाही. कुणाचा बैल मेला, घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर इर्जिक घालायचे, पाच-सहा घरं आपापले बैल घेऊन यायची आणि एका दिवसात रान नांगरून द्यायची, पैसा एकही नाही पण त्या घरानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं हे ठरलेलं. तिकडं भीमाशंकरच्या डोंगरात उन्हाळ्यात भातखाचरं बांधायला पडकई करतात तीही अशीच, आळीपाळीनं. म्हणजे परतफेड पक्की होती, फक्त ती पैशात नव्हती. शहरात आपण हिशोब सोडून दिला आणि आता त्याच्या जागी काय ठेवायचं ते कुणाला कळेना, म्हणून ही सगळी अवघडलेली तोंडं.

ज्याचे पैसे द्यायचे नाहीत

रात्री दवाखान्यात नेणं, किल्ली आत राहिली म्हणून बाल्कनीतून उतरणं, पार्सल घेऊन ठेवणं, मयताच्या घरी चहा आणि पिठलं-भाकरी पाठवणं, एखाद दिवस पोराला सांभाळणं. यात पैसे पुढं केले की माणूस दुखावतो आणि ते दुखणं तो सांगत पण नाही.

माझंच सांगतो. एका घरी रात्री साडेअकराला बेसिनखालचा पाईप निसटला, सगळ्या घरात पाणी, मी झोपेतून उठून गेलो, आधी कॉक बंद केला, घरात पडलेला जुना पाईप होता तो लावून दिला, त्यांच्याबरोबर फरशीवरचं पाणी पण काढलं, एक वाजला घरी यायला. सकाळी त्यांचा मुलगा दारात आला आणि २०० रुपये हातात कोंबून म्हणाला, ठेवा अंकल, चहापाण्याला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आज कळतं मला ते, पण त्या दिवशी असं वाटलं की रात्री मी शेजारी म्हणून गेलो आणि सकाळी मला बोलावलेला माणूस करून टाकलं. पुढं दोन वर्षं त्या घरून फोन आला की मी कामात आहे म्हणून सांगायचो. त्यानं काय करायला पाहिजे होतं? दारात येऊन, अंकल पाईप तुमचा होता त्याचे किती झाले ते सांगा, आणि रात्री तुम्ही आलात म्हणून आईला धीर आला, एवढं बोलला असता तरी मी आयुष्यभर त्यांचे नळ बघितले असते.

इथं पैसा कुठला चालतो आणि कुठला नाही तो फरक आहे. सामानाचे पैसे वेगळे आणि हाताचे पैसे वेगळे. सामानाचे दरवेळी द्यायचे, ५ रुपयांचं वायसर असलं तरी द्यायचे. पंख्याचा कंडेन्सर, टेफलॉन टेप, एमसीबी, असलं काय लागणार असेल तर शेजाऱ्याला आणायला लावू नका, नाव लिहून घ्या आणि स्वतः हार्डवेअरच्या दुकानात जा. त्यानं त्याच्या पिशवीतलं वापरलं तर विचारायचं, सामान कितीचं लागलं? आता यूपीआय असल्यामुळं सुट्टे नाहीत राहू द्या हे पण कारण राहिलेलं नाही, आकडा विचारायचा आणि तिथंच उभ्याउभ्या पाठवायचा. पण "किती झाले?" असं मोघम विचारू नका, ते दुकानदाराला विचारल्यासारखं लागतं, "सामानाचे" हा एक शब्द घातला की सगळं बदलतं.

हाताची परतफेड मात्र वस्तूनं किंवा कामानं. आपल्याकडं शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, डब्यातून भाजी आली तर त्यात थोडी साखर किंवा घरात केलेलं काहीतरी घालूनच जातो, ते हेच आहे. आणि घाई करू नका, आज त्यांनी मदत केली आणि संध्याकाळी तुम्ही मिठाईचा बॉक्स घेऊन गेलात तर ते बिल भागवल्यासारखं दिसतं. थोडे दिवस जाऊ द्या, त्यांची अडचण बघा आणि त्यांनी न मागता उठून जा.

ज्याचे द्यायचेच

यात आमच्या घरात एक संबंध कायमचा तुटला म्हणून सविस्तर लिहितो. वरच्या मजल्यावरच्या एका ताईंचा मुलगा पहिलीत होता, शाळा सुटायची साडेबाराला आणि ताई ऑफिसातून यायच्या साडेसहाला, त्या माझ्या बायकोला म्हणल्या थोडे दिवस बघाल का, बाई मिळेपर्यंत. ती हो म्हणली, पोरगं पण गोड होतं. ते थोडे दिवस आठ महिने झाले. रोजचं जेवण, अभ्यास, झोपवणं, आणि पैशापेक्षा मोठं म्हणजे ती दुपारी कुठं जाऊ शकेना, माहेरी दोन दिवस जायचं तरी आधी ताईंना विचारायला लागायचं. तिनं कधी तोंड उघडलं नाही आणि ताईंनी कधी विचारलं नाही, दिवाळीला एक साडी दिली. मग एक दिवस पार्किंगमधल्या सायकलवरून एवढंसं निमित्त झालं आणि आठ महिन्यांचं सगळं बाहेर आलं, ताई रडायला लागल्या की मला सांगायचं तरी, मी काय दिले नसते का. दिले असते, खरंच. पण विचारायचं काम त्यांचं होतं.

म्हणून असं करा. कुठलीही मदत सलग तिसऱ्या आठवड्यात गेली की बसून बोला. "काकू, हे आता रोजचं झालंय, मला असं फुकट ठेवून घ्यायला बरं वाटत नाही, आपण महिन्याचं काहीतरी ठरवूया, नाहीतर मी दुसरी सोय बघते." त्या नाही नाही म्हणतील, एकदा म्हणतील, दोनदा म्हणतील, तुम्ही सोडू नका. आकडा त्यांना विचारू नका, त्या कमीच सांगणार, तुम्ही जवळच्या दोन पाळणाघरांत जाऊन दर काढा आणि त्याच्या आसपासचा आकडा तुम्हीच बोला. तारीख ठरवा आणि त्या तारखेला त्यांनी आठवण करायच्या आत पोचले पाहिजेत. सुट्टीचं पण आधीच ठरवा, त्यांना महिन्यातून दोन-तीन दुपार हक्काच्या पाहिजेत. एवढं झालं की मग जास्तीचा एखादा तास परत मदत म्हणून होऊ शकतो आणि तो खुशीनं होतो.

करणाऱ्याच्या बाजूनं पण बोलतो. समोरचा विषय काढतच नसेल तर तुम्ही मनात साठवू नका, पैसे मागायला जमत नसेल तर वेळेचं बोला: "पुढच्या महिन्यापासून मला दुपारचं जमणार नाहीये, तुम्ही तोवर सोय बघून ठेवा." ज्याला कळायचं असतं त्याला तिथं कळतं आणि तो पैशाचं बोलतो, ज्याला नाही कळत त्याच्यापासून तुम्ही सुटलात.

शेजारी डॉक्टर, वकील, सीए, शिवणकाम करणाऱ्या मावशी, क्लास घेणारे सर असतील तर त्यांचं काम त्यांच्या वेळेत, त्यांच्या जागी जाऊन आणि पूर्ण पैसे देऊन करून घ्या. सूट त्यांनी दिली तर घ्या, आपण होऊन मागू नका. ब्लाऊजला नुसती टीप मारून द्या हो, असं जाताजाता म्हणणाऱ्या दहा जणी असतात आणि त्या बाईचं घर त्याच मशीनवर चालतं.

आणि वॉचमन, झाडूवाल्या मावशी, कामवाल्या ताई हे शेजारी या हिशोबात येत नाहीत. त्यांना सिलिंडर वर न्यायला लावला, सोफा हलवायला लावला, तर तिथल्या तिथं पैसे द्या. त्यांना नाही म्हणायची सोय नसते, त्यामुळं त्यांच्या हो म्हणण्याला मदत म्हणून चालणार नाही.

गाडी, पेट्रोल आणि म्हाताऱ्या माणसांचे पैसे

एखाद्या वेळी गाडीतून सोडलं तर काहीच नाही. पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेऊन आणत असेल कुणी तर वाटेत पंपावर थांबायला सांगा आणि तुम्ही उतरून पेट्रोल भरा, हातात नोटा देण्यापेक्षा ते दोघांनाही सोपं जातं. गाडी देणाऱ्यानं मात्र किलोमीटरला इतके असा दर लावून भाडं घ्यायचं नाही. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, त्याला परमिट आणि पिवळी प्लेट लागते, आणि खाजगी गाडीच्या इन्शुरन्समध्ये भाड्याचा वापर बसत नाही, अपघात झाला तर क्लेम अडकू शकतो.

शेजारी एकटे आजी-आजोबा असतील, मुलं परदेशात, आणि तुम्ही त्यांची औषधं, बँक, लाईट बिल बघत असाल तर वेळेचे पैसे घेऊ नका पण खर्च खिशातूनही करू नका. त्यांच्या घरात एक वही आणि एक पाकीट ठेवा, त्यातून पैसे काढायचे, बिल पाकिटात, आकडा वहीत, आणि महिन्यातून एकदा वहीचा फोटो काढून मुलाला पाठवायचा. एटीएम कार्ड आणि पिन अजिबात घेऊ नका, ते कितीही म्हणाले तरी, एखादा आकडा चुकला तर आयुष्यभराचा डाग लागतो. रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच बँकांना सांगितलंय की ७० वर्षांच्या वरच्या लोकांना पैसे घरपोच देण्यासारख्या सेवा द्या, तेव्हा आधी त्यांच्या शाखेत जाऊन ते विचारा.

कायदा काय म्हणतो

बऱ्याच जणांना वाटतं शेजाऱ्यांमध्ये कायदा येतच नाही. १८७२ चा आपला करार कायदा आजही चालू आहे आणि त्याच्या कलम ७० मध्ये असं आहे की एखाद्यानं तुमच्यासाठी कायदेशीर काम केलं, फुकट करायच्या इराद्यानं केलं नाही, आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यायला तुम्ही बांधील आहात. त्यात उदाहरण दिलंय आगीचं: एकानं दुसऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवली, पण परिस्थितीवरून दिसत असेल की त्यानं ते फुकटच करायचं म्हणून केलं, तर त्याला पैसे मागता येत नाहीत. म्हणजे इरादा काय होता ते बघतात, आणि इरादा आधी बोललात तरच नंतर दिसतो. कलम २५ मध्ये पण एक गोष्ट आहे, आपणहोऊन आधीच केलेल्या कामाबद्दल नंतर पैसे द्यायचा शब्द दिला तर तो पाळावा लागतो, सापडलेलं पाकीट आणून दिलं आणि मालक म्हणाला ५० रुपये देतो, तर तो करार झाला. तेव्हा भरात येऊन, काका तुम्हाला ५,००० देतो, असं बोलू नका, द्यायचे असतील तरच बोला. यासाठी कोर्टात कुणी जावं असं मी म्हणत नाही, पण आधी बोलून ठेवायची सवय इतकी जुनी आणि शहाणपणाची आहे एवढं त्यातून कळतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र यातलं काही बोलू नका, कुणी किती दिले, कुणी फुकट करून घेतलं, एक मेसेज गेला की दहा घरं मदत करायची थांबतात.

वहिनींना मी सांगितलं की काकूंना पैसे देऊ नका, ते १५ दिवसांपुरतंच होतं, कायमचं रोजचं काम झालेलं नाही. कोकणातून आणलेली आमसुलं त्यांना नेऊन द्या, त्या सोलकढी करतात आवडीनं, पण तेवढ्यावर फिटलं असं समजू नका. काकू दिवाळीनंतर महिनाभर लेकीकडं नाशिकला जातात, त्यांच्या तुळशीची काळजी त्यांना आत्तापासूनच लागलेली असते, तेव्हा आजच जाऊन म्हणा, काकू, जाताना चावी माझ्याकडं ठेवून जा.