डेबियन टाकताना नेटवर्क कार्ड सापडत नाहीये? आधी हे बघा

सर्व्हरवर डेबियन (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला घेतलं, भाषा-कीबोर्ड झालं आणि पुढच्याच स्क्रीनवर इथरनेट कार्ड मिळालं नाही असं सांगून ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) लांबलचक यादी समोर आली, तर त्यातलं एकेक नाव निवडून बघत बसू नका, नुसता वेळ जातो. योग्य ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये असता तर बहुतेक वेळा तो आपोआपच लोड झाला असता. दुसरा आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) डाउनलोडला लावायचीही घाई नको.

आल्ट-एफ२ दाबा (ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोल पण), एंटर मारला की शेल, म्हणजे कमांड टाइप करायची स्क्रीन, उघडते. तिथे जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी एलएसपीसीआय कमांड डॅश एनएन लावून (lspci -nn) चालवा आणि इथरनेट कंट्रोलरची ओळ शोधा. चौकोनी कंसात कोलन असलेला आयडी असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर सर्च करायला तोच लागतो. कोलनच्या आधीचा भाग कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम.

ओळच नाही? मग सॉफ्टवेअरशी भांडून काही होणार नाही, बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड लॅन, म्हणजे मदरबोर्डवरचंच नेटवर्क कार्ड, बंद आहे का बघा, कार्ड काढून परत नीट बसवा, स्लॉट बदलून बघा.

ओळ आहे तर बहुतेक दोनच भानगडी. एक, कर्नल (सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) जुना आणि कार्ड नवं. डेबियन १० चा कर्नल ४.१९, त्याला २.५ गिगाबिटचं रियलटेक ८१२५ माहीतच नाही, ११ मध्ये ५.१० आहे तिथे ते चालतं. जुन्या व्हर्जनचा हट्ट नसेल तर सरळ नवीन टाका.

दुसरी भानगड फर्मवेअरची (कार्डात भरावं लागणारं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर), आणि जुने रॅक सर्व्हर स्वस्तात घेणारे हमखास इथेच अडकतात. डेलच्या आर७१० मधलं ब्रॉडकॉम ५७०९ घ्या, ड्रायव्हर आहे, कार्ड दिसतं, पण फर्मवेअरची फाइल मिळत नाही म्हणून ते उठतच नाही. त्याच शेलमध्ये कर्नलचे मेसेज दाखवणारी डीमेसेज (dmesg) कमांड चालवून त्यात फर्मवेअर शब्द शोधला की कुठली फाइल हवी ते नावासकट लिहिलेलं सापडतं. जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर अधिकृत आयएसओमध्येच असतं. ११ किंवा आधीचंच टाकायचं असेल तर दुसऱ्या मशीनवर या कार्डाचं फर्मवेअर-बीएनएक्स२ (firmware-bnx2) पॅकेज उतरवा, फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर फर्मवेअर (firmware) नावाच्या फोल्डरात टाका आणि इन्स्टॉलरने मागितलं की पेनड्राइव्ह लावा.

काहीच जमत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने देणं) चालू करा आणि मेनूतून नेटवर्क हार्डवेअर पुन्हा शोधायला लावा, फोनच कार्ड म्हणून दिसतो. त्यावर इन्स्टॉल उरकता येतं, फक्त नंतर ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरातली इंटरफेसेस फाइल (/etc/network/interfaces) उघडून फोनच्या इंटरफेसच्या जागी खऱ्या कार्डाचं नाव घाला, नाहीतर फोन काढून रीबूट केलं की कार्ड चालू असूनही आयपी मिळत नाही.