२४ मीटरचा गजबजलेला रस्ता नव्याने आखताना: फुटपाथ, सायकल मार्ग आणि ते जिथे तुटतात त्या जागा

पुण्यात बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिका) निमित्ताने सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्याच्या कडेने सायकल मार्ग झाले. तरी बहुतेक सायकलवाले मुख्य रस्त्यावरूनच जातात. रुंदी हे त्याचं मुख्य कारण नाही. मार्ग कुठे वीजमंडळाच्या फीडर पिलरपाशी (विजेच्या मोठ्या पेटीपाशी) संपतो, कुठे गेटसमोर खाली उतरून पुन्हा वर चढतो, कुठे थेट बसथांब्याच्या पाठीत घुसतो. सलग चालवता येत नाही तो मार्ग कोणी वापरत नाही. म्हणून आखणी करताना सरळ तुकड्यांवर एक दिवस द्या आणि चौक, गल्लीची तोंडं, गेट, बसथांबे, गटारं यांवर उरलेला महिना.

इथली मापं विकास आराखड्यातल्या २४ मीटर रस्त्यासाठी आहेत: दोन्ही बाजूंना दुकानं आणि सोसायट्या, बसमार्ग, मध्ये दुभाजक. आधार मुख्यतः भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०३ (पादचारी सुविधा) आणि आयआरसी ११ (सायकल मार्ग) या संहितांचा.

आधी टेप, मग नकाशा

टोटल स्टेशनचा (सर्वेक्षणाच्या मोजणी यंत्राचा) नकाशा लागतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. दर १० मीटरला भिंतीपासून भिंतीपर्यंत टेपने मोजा. कागदावर २४ असलेला रस्ता जागेवर साडेएकवीस भरणं नेहमीचंच: ताब्यात न आलेली रुंदीकरणाची पट्टी, देवळाचा ओटा, एखादं जुनं कुंपण. सर्वांत अरुंद जागेत काय बसतं ते आधी ठरवा आणि तिथून दोन्हीकडे आखत जा. उलट केलं की अरुंद जागी नेमका फुटपाथच गायब होतो.

टेपबरोबर या नोंदी घ्या: प्रत्येक गेटची रुंदी, प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची पातळी, प्रत्येक चेंबरच्या झाकणाची पातळी, झाडाचा घेर आणि मुळांनी उचललेला भाग. उंबऱ्याची पातळी हमखास राहून जाते. नवा फुटपाथ उंबऱ्याच्या वर गेला तर पहिल्याच पावसात पाणी दुकानात शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार कर्ब (फुटपाथची दगडी कड) फोडतो. त्याचं फार चुकत नाही.

माणसांची मोजणी सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. ‘इथे सायकली चालतातच कुठे?’ असं म्हणणाऱ्यांनी मोजणी बहुधा दहा वाजता सुरू केलेली असते. तोवर दूधवाले, पेपरवाले, पहिल्या पाळीचे कामगार आणि वॉचमन जाऊन आलेले असतात. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी नकाशावर टिंबं द्या: झेब्रा कुठे आहे ते बाजूला ठेवा, लोक खरोखर कुठून जातात ते पाहा. पोलिसांकडून ३ वर्षांच्या अपघातांची जागेसह माहिती घ्या. केंद्राच्या व्याख्येतला ‘ब्लॅक स्पॉट’ (सुमारे ५०० मीटरमध्ये ३ वर्षांत ५ गंभीर वा प्राणांतिक अपघात, किंवा १० मृत्यू) होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

रुंदीची वाटणी

अर्धा रस्ता, म्हणजे १२ मीटर, भिंतीकडून दुभाजकाकडे असा:

- दुकानासमोरची पट्टी ०.५ मी. (पायरी, पाटी, उभं राहून बघणारं गिऱ्हाईक)
- मोकळा चालण्याचा भाग २.० मी.
- सायकल मार्ग २.० मी., एकेरी
- झाडं, दिवे, खांब यांची पट्टी ०.९ मी.
- बाहेरची लेन ३.२ मी., आतली २.८ मी.
- दुभाजकाचा अर्धा भाग ०.६ मी.

संहितेत चालण्याचा किमान मोकळा भाग १.८ मीटर आहे आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं लागतं. आपण २ धरलाय, कारण बांधकामात ५-१० सेंटिमीटर खाल्ले जातातच. गजबजलेल्या बाजारपेठेत २ मीटरही कमी पडतात. तिथे सायकल मार्गाला हात न लावता एक लेन काढा.

या वाटणीत पार्किंग नाही, आणि आखणीच्या बैठकीत भांडण होतं ते इथेच. पार्किंग हवंच असेल तर त्याला २ मीटर लागतात आणि ते लेनमधून घ्यावे लागतात. तोडगा बहुधा बाजूच्या गल्ल्यांत निघतो: एका मोटारीच्या साडेपाच मीटर लांबीत किमान पाच दुचाक्या आडव्या लागतात, त्यामुळे तोंडाजवळची जागा दुचाक्यांना द्या आणि मोटारी आत पाठवा. मोटारी सायकल मार्गालगत उभ्या करायच्याच असतील, तर मध्ये ०.७५ मीटर सोडा. उघडलेल्या दारावर सायकल आपटली की सायकलस्वार पडतो तो थेट लेनमध्ये.

लेन अरुंद केल्यावर ‘वाहतूक तुंबेल’ ही हरकत हमखास येते. शहरातल्या रस्त्याची क्षमता चौक ठरवतो. दोन चौकांमधल्या लेनला अर्धा मीटर जास्त दिला तर फक्त वेग वाढतो. एक सेकंद प्रतिक्रियेला धरला तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ने येणारी मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० ने येणारी २८ मीटरमध्ये. धडकेची ऊर्जा पावणेतीन पटीच्या वर जाते. हे गणित बैठकीत फळ्यावर लिहून दाखवा, वाद निम्मा होतो.

काँक्रीट ओतण्याआधी चाचणी घ्या. चुन्याची फक्की, ट्रॅफिक कोन, पाण्याचे प्लास्टिक बॅरियर आणि वाळूच्या गोण्या एवढ्यात ३०० मीटरचा तुकडा उभा राहतो. किमान दोन आठवडे ठेवा. गणपती आणि दिवाळीचे दिवस टाळा, तेव्हाची गर्दी वर्षभराची नसते. कोन रोज रात्री सरकलेले दिसतील; ते कुठे सरकले हीच तुमची माहिती. तिथे कोणाचा तरी टेम्पो वळतो.

गल्लीचं तोंड

सर्वांत जास्त धोका इथे असतो, आणि आखणीत सर्वांत कमी रेषा इथेच काढलेल्या असतात. दोन गोष्टी करायच्या.

पहिली, कोपऱ्याची त्रिज्या कमी करा. जुन्या कोपऱ्यांवर १०-१२ मीटरची गोलाई सापडते, त्यामुळे गाडी वेग न उतरवता वळते. निवासी गल्लीला ४ मीटर पुरतात. बस वळते तिथे ९ पर्यंत जा. कचऱ्याची गाडी आणि अग्निशामक बंब वळतो का, ते चाचणीच्या दिवसांत प्रत्यक्ष गाडी बोलावून पाहा.

दुसरी, फुटपाथ आणि सायकल मार्ग गल्लीवरून त्याच पातळीवर सलग न्या. गाडीने वर चढावं, माणसाने खाली उतरू नये. उंचवटा १५० मिलिमीटर, चढ १:८, म्हणजे चढाची लांबी १.२ मीटर, वरचा सपाट भाग फुटपाथ आणि सायकल मार्ग मिळून आहे तेवढा. इथे दोन चुका नेहमी होतात. एक: ठेकेदार चढ लांबवून १:१५ करतो. तो गुळगुळीत वाटतो, पण मग कोणी वेग कमी करत नाही. दोन: उंचवटा कडेच्या पाण्याला बांध घालतो. पाणी ज्या बाजूने येतं तिथे, उंचवट्याच्या आधी, पावसाळी गटाराची जाळी हवीच. ती उताराच्या खालच्या बाजूला दिली की पावसात तळं होतं, लोक ‘स्पीडब्रेकर काढा’ म्हणून अर्ज देतात आणि जेसीबी येतो.

दोन्ही दिशांच्या सायकली एकाच बाजूच्या मार्गावर घालायचा मोह होतो, जागा वाचते. गल्ल्या जास्त असतील तर करू नका. आपल्याकडे गल्लीतून बाहेर पडणारा उजवीकडे बघतो, डावीकडून येणारी सायकल त्याच्या नजरेत येतच नाही.

गेट

प्रत्येक गेटसमोर फुटपाथ खाली घेतला की तो उंटाच्या पाठीसारखा होतो, आणि आजीबाई मुकाट्याने रस्त्यावरून चालू लागतात. गाडीचा चढ झाडांच्या ०.९ मीटर पट्टीतच बसवा: १५० मिलिमीटर उंचीला १:६ पडतो, मोटारीला तो चालतो. फुटपाथची पातळी आणि फरशी गेटसमोर बदलू नका. चढाची रुंदी गेटएवढी, ३ ते ३.५ मीटर. चढ आखून दिला नाही तर सोसायटी स्वतःच गटारावर काँक्रीट ओतते आणि पुढच्या शंभर मीटरचं पाणी अडतं.

दुचाक्या अडवायला बोलार्ड (बुटके खांब) लावतात. व्हीलचेअरला किमान ०.९ मीटरचं अंतर लागतं, सोयीचं १.२, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. म्हणजे बोलार्ड मोटारी अडवतो, स्कूटर नाही. नागमोडी रेलिंग लावलं तर स्कूटरबरोबर व्हीलचेअर आणि बाबागाडीही अडते. फुटपाथवरच्या दुचाकीला उपाय दंडाचा आणि चौकात जाम कमी करण्याचा, लोखंडाचा नाही.

सायकल मार्गाचा पृष्ठभाग

रस्त्याच्या वर १०० मिलिमीटर, फुटपाथच्या ५० खाली. ही ५० ची पायरी महत्त्वाची: पातळी एकच ठेवून नुसता रंग बदलला की पादचारी तिथे चालतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पायरीची कड तिरकी घासून घ्या, म्हणजे चाक लागलं तरी सायकल उलटत नाही.

वर डांबर किंवा काँक्रीट. पेव्हर ब्लॉक नको. कडा तासलेल्या ब्लॉकवर सायकल सतत थरथरते आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉक खचतात. सगळा मार्ग रंगवणंही नको. रंग ओला झाला की घसरतो, आणि फिका पडला की अख्खा मार्ग बेवारस दिसतो. गल्लीच्या तोंडाशी आणि चौकात तेवढा रंगवा. गटाराच्या जाळीच्या सळया सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या सळयांत चाक अडकून माणूस तोंडावर पडतो. चेंबरचं झाकण पृष्ठभागाशी ५ मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे, आणि हे निविदेत आकड्यासह लिहा; ‘समपातळीत’ एवढंच लिहिलं तर ठेकेदाराची समपातळी वेगळी असते.

बसथांबा आणि ओलांडणं

सायकल मार्ग थांब्याच्या मागून न्यायचा. वरच्या वाटणीत जागा अशी निघते: चालण्याचा भाग १.८, सायकल मार्ग १.५, थांब्याचा चौथरा १.६ मीटर. व्हीलचेअर फिरवायला १.५ चं वर्तुळ लागतं, ते जेमतेम बसतं. म्हणून शेडचे खांब मागच्या कडेला आणि छप्पर पुढे झुकतं ठेवा. जाहिरातीचा आडवा फलक चौथऱ्याच्या टोकाला लावू देऊ नका, त्याच्या आडून उतरलेला माणूस सायकलस्वाराला दिसत नाही.

बाजाराच्या रस्त्यावर ओलांडायची जागा दर ८० ते १५० मीटरला हवी. २५० मीटर लांबच्या झेब्र्यापर्यंत कोणी चालत नाही. दुभाजकावर जाळी लावली तर तिचे गज वाकतात. दुभाजक १.२ मीटरचा आहे, सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते, म्हणून ओलांडायच्या जागी दुभाजक २ मीटर करा: दोन्ही बाजूंच्या लेन ०.४ मीटर बाहेर सरकवा, झाडांची पट्टी तिथे ०.५ उरते. दुभाजक तिथे पूर्ण कापून रस्त्याच्या पातळीला आणा. सिग्नल असेल तर कर्ब ते कर्ब सुमारे १४ मीटर धरा: धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर वेगाने १२ सेकंदांत जातो, काठी घेतलेल्या आजोबांना ०.८ च्या वेगाने १७-१८ लागतात. हिरवा दिवा आजोबांच्या हिशेबाने, वर पाऊल टाकायचे ५ सेकंद. गाड्यांची थांबरेषा झेब्र्याच्या ३ मीटर मागे.

खोदाई, फेरीवाले, तपासणी

क्रम असा: पावसाळी गटार, ड्रेनेज, पाणी, वीज आणि इंटरनेटच्या केबल, मग कर्ब, शेवटी फरशी. महापालिकेचे खातेप्रमुख, महावितरण, वाहतूक शाखा, पीएमपी यांना एका टेबलाशी आणून पुढच्या पाच वर्षांची खोदाई लिहून घ्या. प्रत्येक चौकात रस्त्याखालून रिकामे पाइप टाकून ठेवा. फेरीवाल्यांची नोंद २०१४च्या कायद्याप्रमाणे आधीच करून पट्टीत जागा आखून द्या. आखली नाही तर ते चालण्याच्या भागात बसतात, कारण गिऱ्हाईक तिथेच असतं.

अधिकाऱ्यांना पटवताना दोन आधार उपयोगी पडतात: मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ, ज्यात रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड आहे, आणि मे २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, ज्यात फुटपाथचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

काम सुरू झाल्यावर पहिले २० मीटर नमुना म्हणून पूर्ण करून घ्या आणि मान्यता देईपर्यंत पुढे जाऊ देऊ नका. तपासायला तीन गोष्टी पुरतात: ३ मीटरची सरळ पट्टी, पाण्याच्या दोन बादल्या, एक व्हीलचेअर. कर्ब १५० च्या वर गेला असेल तर तिथेच काढायला लावा. २५० चा कर्ब मोटार अडवतो खरा, पण गुडघे दुखणारी माणसंही अडवतो. अंधांसाठीच्या ठिपक्यांच्या फरश्या ओलांडायच्या जागेआधी थांबण्याची सूचना देतात, रेषांच्या फरश्या दिशा दाखवतात. गवंडी त्या सरमिसळ लावतो किंवा रेषा थेट खांबावर नेतो, म्हणून डोळ्यांदेखत लावून घ्या.

दोषदायित्वाचा काळ (ज्यात ठेकेदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात) संपायच्या आत एक पावसाळा जाईल अशी तारीख करारात हवी. पहिल्या मोठ्या सरीनंतर अर्ध्या तासात छत्री घेऊन फिरा, जिथे पाणी उभं आहे तिथे खडूने वर्तुळ काढा, फोटो काढा आणि त्याच दिवशी ठेकेदाराला लेखी पाठवा. तीन महिन्यांनी तीच मोजणी, त्याच वेळांना, पुन्हा करा. टिंबं जिथे सरकली नसतील, तिथला झेब्रा हलवा.