उधारी वसुलीसाठी कोर्टात जाताय? या चुका टाळा

"गड्डा उरकू द्या, लगेच देतो." सोलापुरात टॉवेल-नॅपकिनचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलंय. गड्डा (सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) झाला की लगीनसराई, मग पाऊस, मग दिवाळी, की परत गड्डा आलाच. मी असे तीन गड्डे काढले. शेवटी सप्टेंबर 2025 मध्ये वकिलांकडे गेलो. सात बिलं होती, एप्रिल ते डिसेंबर 2022 मधली, एकूण 2,64,000 रुपयांची. वकिलांनी ती तारखेप्रमाणे टेबलावर मांडली, पहिली चार उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ही सिद्धेश्वराला वाहिली असं समजा."

त्या चार बिलांची दाव्याची मुदत संपली होती. मुदत हीच पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. पैशाच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. बिलावर उधारीचे दिवस लिहिले नसतील तर माल दिला त्या तारखेपासून, "30 दिवस" असं लिहिलं असेल तर ते दिवस संपल्यापासून. आपण व्यापारी खातं एकच धरतो, शेवटच्या मालापासून तीन वर्षं मोजतो. पण नुसता माल देण्या-घेण्याच्या खात्यात कायदा प्रत्येक बिलाची तीन वर्षं वेगळी मोजतो, आणि जुनी बिलं एकेक करून गळत जातात. हातउसने पैसे दिले असतील आणि परतफेडीची तारीख ठरली नसेल, तर दिल्या दिवसापासूनच मोजणी सुरू.

वकिलाची नोटीस पाठवली की मुदत थांबते, असा एक समज बाजारात पक्का आहे. नाही थांबत. दाव्याला झालेला उशीर "आजारी होतो" म्हणून माफही होत नाही. एवढीच सवलत की शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, मे महिन्याच्या सुट्टीत वगैरे, तर उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो.

मुदत नव्यानं सुरू करायचे रस्ते दोन, आणि दोन्ही तीन वर्षं संपायच्या आत. एक, देणेकऱ्यानं बाकी लेखी मान्य करून सही करणं. दुसरा, काही रक्कम भरणं आणि ती भरल्याचं त्याच्या अक्षरात किंवा त्याच्या सहीनं कागदावर असणं. माझं घोडं इथंच पेंड खाल्लं. 2024 च्या दिवाळीत गिऱ्हाइकानं दहा हजार दिले होते. रोख. मी माझ्या पावतीपुस्तकातली पावती फाडून त्याला दिली, खाली माझी सही. वकिलांनी स्थळप्रत बघून एवढंच विचारलं, "पैसे देणाऱ्याची सही कुठंय?" तेच दहा हजार चेकनं घेतले असते तर चेकवर त्याची सही आपोआप आली असती, आणि ती चार बिलं वाचवायला काहीतरी हातात राहिलं असतं.

म्हणून आता 31 मार्चला मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून खातेउतारा सही-शिक्क्यानिशी घेतो. "येणे बाकी अमुक, मान्य", खाली तारीख. गिऱ्हाईक बिघडेल अशी भीती वाटते खरी. पण ज्याला द्यायचे असतात तो सही करायला कुरकुर करत नाही, हे मी अनुभवलंय.

कोर्ट कुठलं, यावरही गोंधळ असतो. मुंबई-पुण्यात छोट्या दाव्यांसाठी लघुवाद न्यायालय आहे, पण तिथं गर्दी घरमालक-भाडेकरूंची. सोलापुरात पैशाचा दावा दिवाणी न्यायालयात जातो, रकमेप्रमाणे कनिष्ठ किंवा वरिष्ठ स्तरावर. गिऱ्हाईक हैदराबादचं किंवा विजयपूरचं असलं म्हणजे तिकडेच खेटे घालायचे असंही नाही. व्यवहाराचा काही भाग इथं घडला असेल, माल इथं दिला असेल किंवा पैसे इथं द्यायचं ठरलं असेल, तर इथं दावा लागू शकतो. व्यापारी व्यवहारातली रक्कम 3 लाख किंवा त्यावर असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. हा टप्पा गाळला की दावा उंबरठ्यावरूनच परत येतो. मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे ती टाळण्यात फायदा काहीच नाही.

भागीदारीत धंदा करणाऱ्यांनी आधी स्वतःकडे बघावं. नुसतं भागीदारी पत्र स्टँप पेपरवर करून जीएसटी नंबर घेतला म्हणजे फर्म नोंदली गेली असं नाही. फर्म रजिस्ट्रारकडे नोंद नसेल तर करारातून येणं असलेल्या पैशासाठी फर्मला दावाच लावता येत नाही. समोरच्याचा वकील पहिल्यांदा हेच शोधतो. आणि समोरचं दुकान एकट्या मालकाचं असेल तर दावा मालकाच्या नावानं लावा, पाटीवरच्या नावानं नको.

आता चेक. बाउन्स झालेला चेक हातात आला की माणूस निर्धास्त होतो, आणि खरी घाई नेमकी तेव्हाच असते. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वटवायला टाकायचा. परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, नोटिशीच्या 30 दिवसांना तशी सोय नाही. नोटिशीत चेकचीच रक्कम मागा, अगदी रुपयात रुपया. व्याज, वकील फी मागायची तर वेगळी दाखवा. चेक 1,00,000 चा आणि त्यानं मधे 30,000 दिले असतील, तर ते चेकच्या पाठीवर न नोंदवता पूर्ण रकमेला चेक टाकू नका, केस तिथंच पडते. एक गोष्ट मात्र सोयीची आहे. चेक खात्यात भरला असेल तर आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात तक्रार चालते, गिऱ्हाईक कुठलंही असो.

प्रॉमिसरी नोट (पैसे देण्याचं सही केलेलं लेखी वचन) लिहून घेणारे रेव्हेन्यू स्टँप विसरतात. मागाहून दंड भरून ही चूक दुरुस्त होत नाही. बिनतिकिटाची प्रॉमिसरी नोट कोर्ट पुरावा म्हणून हातात घेत नाही. तिकीट लावून सही तिकिटावरून आडवी गेली पाहिजे.

खातेवहीवर फार विसंबू नका. नुसत्या वहीतल्या नोंदीवर कोर्ट समोरच्यावर देणं बसवत नाही, जोडीला डिलिव्हरी चलन, त्यावर माल घेणाऱ्याची सही, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) असं काही लागतं. व्हॉट्सॲपच्या गप्पांचे नुसते प्रिंट पुरत नाहीत, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. वकिलाला हे आठवण करून द्या आणि फोन बदलताना चॅट उडवू नका.

ओळखीत पैसे देऊन महिना तीन टक्के घेणाऱ्यांसाठी एकच वाक्य: ते व्याज दाव्यात लिहिलंत की समोरचा "विनापरवाना सावकारी" म्हणणार, आणि महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानं परवाना नसलेल्या सावकाराला हुकूमनामा (वसुलीचा कोर्टाचा निकाल) मिळत नाही. पोलीस ठाण्यातही फार अपेक्षा घेऊन जाऊ नका. "सिव्हिल मॅटर" म्हणून परत पाठवतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

स्वतः माल तयार करणाऱ्या कारखानदारांकडे दावा सोडून आणखी एक हत्यार आहे आणि आपल्या एमआयडीसीत ते गंजत पडलंय. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणारं सरकारी मंडळ) ऑनलाइन करता येते, आणि निकालाविरुद्ध जायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. चूक एकच होते, भांडण झाल्यावर नोंदणी करतात. नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला हा फायदा मिळेलच असं नाही. मीही तसाच राहिलो.

माझ्या उरलेल्या तीन बिलांचे 1,06,000 होत होते. लोकअदालतीत 90,000 वर तडजोड झाली, सहा हप्त्यांत. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करायच्या आधी मजकूर दोनदा वाचायला हवा. पहिल्या मसुद्यात नुसतं "सहा हप्त्यांत देईल" एवढंच होतं. मी एक ओळ घालायला लावली: एकही हप्ता चुकला तर पूर्ण 1,06,000 व्याजासह एकदम. ती ओळ नसती तर सहावा हप्ता थकेपर्यंत बघत बसलो असतो. निवाडा मिळाला म्हणजे पैसे आले असं नव्हेच. हप्ता चुकला तर दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते आणि जप्तीला काय आहे ते आपणच कोर्टाला दाखवावं लागतं. दरखास्तीला बारा वर्षं असतात, पण तोवर दुकान बायकोच्या नावावर गेलेलं असतं. त्याचं खातं कुठल्या बँकेत आहे हे त्याच्या जुन्या चेकवरून मी आधीच टिपून ठेवलंय. सध्या तीन हप्ते आलेत, तिन्ही चेकनं.