परराष्ट्र मंत्रालयाकडून संसदेत नेमकं उत्तर कसं काढावं

परराष्ट्र धोरणावर आपल्या संसदेचा लगाम सैल आहे, हे आधी मान्य करावं आणि मग कामाला लागावं. करार करणं हा सरकारचा अधिकार आहे. त्यावर संसदेची मोहोर लागायलाच हवी असं नाही. करारामुळे कायदा करावा लागला तर अनुच्छेद २५३ खाली विधेयक येतं. भूभाग द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते, म्हणून बांगलादेशाशी झालेल्या भू-सीमा करारासाठी २०१५ साली शंभरावी दुरुस्ती करावी लागली. एरवी हातात तीनच गोष्टी उरतात: प्रश्न, पैसा आणि समित्या. खासदाराच्या कार्यालयात मसुदे लिहिणाऱ्यांनी आणि बातमीदारांनी त्या कशा वापराव्यात, ते पाहू.

पहिलं गणित दिवसांचं. अलीकडच्या अधिवेशनांत परराष्ट्र मंत्रालयाचा उत्तराचा वार लोकसभेत शुक्रवार आणि राज्यसभेत गुरुवार असतो. तरी सचिवालयाने काढलेला तक्ता पाहूनच तारीख धरा. लोकसभेत प्रश्नाची नोटीस, म्हणजे प्रश्न विचारणार असल्याची लेखी सूचना, किमान १५ पूर्ण दिवस आधी जावी लागते, आणि त्यात नोटिशीचा दिवस आणि उत्तराचा दिवस मोजत नाहीत. बऱ्याच नोटिसा इथेच वाया जातात. मसुदा कोणीही लिहावा, पण नोटीस भरण्याच्या संसदेच्या ऑनलाइन पोर्टलवर लॉगिन खासदाराने स्वतःच करायचं. लॉगिन दुसऱ्याला देण्यावरून २०२३ मध्ये एका खासदाराचं सदस्यत्व गेलं आहे.

तारांकित की अतारांकित? तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात; अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळतं. आकडे हवे असतील तर डोळे मिटून अतारांकित. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडतीने, आणि तासाभरात त्यांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. अतारांकित २३० असतात. मंत्र्याला उभं करून पुरवणी प्रश्नात पकडायचं असेल तरच ताऱ्याच्या मागे लागा, आणि मग दोन पुरवणी प्रश्न आधीच लिहून ठेवा.

आता शब्दांकडे. प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, टोमणा, 'समजा असं झालं तर' किंवा मत मागणं चालत नाही. मित्रराष्ट्राचा अनादर होईल असा उल्लेख केला तरी तो बाद होतो. 'चीनच्या दादागिरीबद्दल सरकारचं धोरण काय?' हा प्रश्न बाद होण्याची तीन कारणं तर त्याच वाक्यात बसली आहेत. समजा तो स्वीकारला गेला, तरी उत्तर पाठ आहे: देशाच्या सुरक्षेशी संबंधित सर्व घडामोडींवर सरकारचं सतत लक्ष असतं आणि आवश्यक ती सर्व पावलं उचलली जातात.

हे टाळायचं तर प्रश्न अशा गोष्टीला बांधा जी कागदावर आहेच. पालघरच्या मच्छीमारांचं उदाहरण घ्या. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सोडायचं, असंही त्याच करारात आहे. म्हणून मसुदा असा:

(अ) गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या भारतीय मच्छीमारांची संख्या किती;
(ब) त्यांपैकी महाराष्ट्राचे रहिवासी किती, जिल्हानिहाय;
(क) शिक्षा पूर्ण होऊन आणि राष्ट्रीयत्वाची पडताळणी होऊनही एक महिन्याहून अधिक काळ अडकलेले किती;
(ड) अद्याप कॉन्सुलर ॲक्सेस (भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्यांची भेट) न मिळालेले किती.

(ब) वेगळा ठेवण्याला कारण आहे. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. बोटीची नोंदणी पाहून राज्य मोजलं तर ते आकड्यातून गायबच होतात. 'रहिवासी' हा शब्द गाळू नका.

उत्तर आलं की आधी त्याचा आकार पाहा. '(अ) ते (ड)' असं एकत्र उत्तर म्हणजे काहीतरी गिळलं आहे. उपप्रश्न एकमेकांत मिसळलेले असले की मंत्रालयाला ही सोय आयती मिळते. एकाला आकडा, एकाला तारीख, एकाला रक्कम लागेल असे ते तोडा. प्रश्न चुकीच्या दारात जाणं हेही नेहमीचं. व्यापार करार वाणिज्य मंत्रालयाकडे आणि सीमेवरची तैनाती संरक्षणाकडे जाते. आखातातल्या कामगारांचे प्रश्न मात्र २०१६ पासून परराष्ट्र मंत्रालयाकडेच आहेत, कारण अनिवासी भारतीयांचं खातं तेव्हा त्यात विलीन झालं.

पैशाचा माग काढणं सोपं आहे, पण फारसं कोणी काढत नाही. या मंत्रालयाच्या अनुदान मागण्या सभागृहात बहुतेक वेळा गिलोटिनखाली जातात, म्हणजे चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात, म्हणून अर्थसंकल्पाचा तक्ता स्वतःच वाचावा लागतो. नुसता या वर्षीचा आकडा वाचू नका. प्रत्यक्ष खर्च, मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज हे तीन स्तंभ शेजारी ठेवा. २०२३-२४ मध्ये मालदीवसाठी मूळ तरतूद ४०० कोटी होती, सुधारित अंदाजात ती सुमारे ७७१ कोटी झाली. त्याच वर्षी तिथे 'इंडिया आउट'चा प्रचार करणारे सत्तेवर आले होते. भाषणांतून जे कळत नाही ते त्या एका ओळीत दिसतं.

परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात आणि शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, म्हणून लोक तिला कमी लेखतात. ते चूक आहे: सचिवांना बसवून उलटतपासणी होते ती इथेच. २०१८ सालचा डोकलाम आणि भारत-चीन संबंधांवरचा अहवाल त्यासाठी वाचावा. पण खरा ऐवज पुढच्या कार्यवाही अहवालात असतो, म्हणजे शिफारशींवर सरकारने काय केलं ते सांगणाऱ्या समितीच्या अहवालात. सरकारला साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, आणि समिती ती उत्तरं प्रकरणांत लावते. दुसरं प्रकरण, म्हणजे 'स्वीकारलेल्या शिफारशी', वरवर चाळा. चौथं नीट वाचा: समितीला न पटलेली उत्तरं तिथे असतात. पाचव्यात अजून अंतिम उत्तर न आलेल्या शिफारशी. पुढच्या अधिवेशनातला प्रश्न या दोन प्रकरणांतूनच उचलावा; त्याला '(अमुक) अहवालातील शिफारस क्रमांक तमुक' असा पाया मिळतो आणि तो 'व्यापक धोरणविषयक' म्हणून फेटाळणं अवघड जातं.

शेवटचा धागा आश्वासनांचा. उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे' किंवा 'बाब विचाराधीन आहे' असं आलं तर ते आश्वासन धरलं जाऊ शकतं, आणि ते तीन महिन्यांत पूर्ण व्हायला हवं. उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक वहीत टिपून ठेवा. मुदत उलटली की खासदारांमार्फत सरकारी आश्वासन समितीला लिहा. मंत्रालय ते आश्वासन वगळण्याची विनंती करू शकतं. तशा विनंत्यांवर समितीचे वेगळे अहवाल निघतात, आणि मूळ प्रश्नाला न दिलेली माहिती नेमकी कोणत्या कारणाने अडली ते बऱ्याचदा तिथेच छापलेलं सापडतं.